मनोराज्य, संकल्प आणि फुटलेला पेला

उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या स्वप्नाला मराठीत दोन शब्द आहेत. 'दिवास्वप्न' हा शब्द आज आपण सर्रास वापरतो, पण आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचा अर्थ दिवसा घेतलेली झोप एवढाच आहे. दुसरा शब्द 'मनोराज्य'. तो अधिक नेमका आहे, कारण अशा स्वप्नात माणूस काय करतो हे तो सांगून टाकतो. तिथे तो राज्य करतो. प्रजा त्याची, शत्रू त्याचे, जय त्याचा, आणि पराभव झालाच तर तोही त्यानेच योजलेला व त्यालाच शोभून दिसणारा.

साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींना या राज्याविषयी बोलणे अवघड जाते, कारण आपला व्यवसायच त्याच्या सीमेवर वसलेला आहे. कादंबरी वाचताना आजूबाजूचे भान हरपावे असे आम्ही विद्यार्थ्याला सांगतो, आणि तोच विद्यार्थी तासाला खिडकीबाहेर पाहू लागला की "लक्ष कुठे आहे?" असे विचारतो. २०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २,२५० माणसांच्या नोंदींवरून असे दाखवले, की जागेपणीच्या सुमारे ४७ टक्के वेळा माणसाचे मन हातातल्या कामावर नसते. तेव्हा मन भरकटणे हा काही कुणा एकाचा दुर्गुण नव्हे. प्रश्न आहे तो अतिरेकाचा. समोर पुस्तक उघडे आहे, तास उलटून गेला आहे आणि पान तेच आहे, हा अनुभव ज्याला रोजचा झाला आहे त्याने काय करावे? हा प्रश्न जुना आहे आणि त्याच्या उत्तरांनाही इतिहास आहे. त्या इतिहासातला एक धागा आम्ही येथे उलगडून पाहणार आहोत. तो धागा एका इंग्रजी कथेतून जातो. त्या कथेला मराठीत आणले चिपळूणकर पिता-पुत्रांनी.

प्रारंभ मात्र आपल्याच घरातून करू. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात सातूच्या पिठाने भरलेला घट टांगून त्याखाली पडलेला ब्राह्मण आहे. दुष्काळ पडेल, पीठ विकू, शेळ्या घेऊ, शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या, घोड्यांचे सोने, सोन्याचे घर, घरात पत्नी, पत्नीला मुलगा, त्याचे नाव सोमशर्मा. शेवटी पत्नी मुलाकडे लक्ष देत नाही म्हणून तो तिला लाथ मारतो आणि ती लाथ घटाला बसते. अरबी कथांत हाच प्रसंग न्हाव्याच्या पाचव्या भावाच्या वाट्याला आला आहे. त्याच्यापुढे काचसामानाची टोपली आहे, मनात वजिराची मुलगी आहे, आणि तिलाच झिडकारताना त्याचा पाय टोपलीला लागतो. या कथा वाचून आपण हसतो, पण एका गोष्टीकडे सहसा लक्ष देत नाही. दोन्ही ठिकाणी भांडे फुटते ते धनाच्या कल्पनेने नव्हे, सत्तेच्या कल्पनेने. पीठ, शेळ्या, घोड्या येथवर घट शाबूत असतो. दुसऱ्या माणसाला तुडवण्याची वेळ आली की पाय खराच हलतो. मनोराज्यातला 'राज्य' हा शब्द किती खरा आहे ते येथे दिसते.

या कथांनी सुचवलेला उपाय उपहासाचा आहे. चारचौघांत हसे झाले की माणूस सुधारतो, ही त्यामागची समजूत. पण मनोराज्याची गंमतच अशी, की ते चारचौघांत केले जात नाही. हसणारे लोक असतात कथेबाहेर. घटाखाली पडलेला माणूस एकटाच असतो.

चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी 'पंचदशी'च्या द्वैतविवेक प्रकरणात या विषयाला अधिक गंभीर स्थान दिले. जीवाने निर्माण केलेल्या द्वैताचे त्यांनी शास्त्रीय आणि अशास्त्रीय असे भाग केले, अशास्त्रीयाचे पुन्हा तीव्र आणि मंद. कामक्रोधादी विकार तीव्र, मनोराज्य मंद. मंद आहे म्हणून ते राहू द्यावे काय, या शंकेवर त्यांचे उत्तर स्पष्ट आहे. विषयांच्या चिंतनापासूनच आसक्ती आणि पुढची सारी अनर्थपरंपरा सुरू होते, तेव्हा हे बीजच टाकून द्यायला हवे. उपाय म्हणून त्यांनी निर्विकल्प समाधी सांगितली आणि ज्याला ती साधत नाही त्याने एकांतात राहून दीर्घकाळ प्रणवाचा उच्चार करावा असे सुचवले. येथे 'एकांत' हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला अडवणार आहे.

ख्रिस्ती परंपरेतही हाच पेच दिसतो. इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात राहणाऱ्या साधूंना दुपारच्या वेळी एक उद्विग्नता ग्रासत असे. मन कोठडीत रमत नसे, सूर्य पुढे सरकत नाहीसा वाटे, दूरच्या मठांची आणि आप्तांची चित्रे डोळ्यांपुढे येत. इव्हॅग्रियस याने या अवस्थेचे बारीक वर्णन केले आणि कोठडी सोडू नये असा सल्ला दिला. त्याच्यामागून आलेल्या कॅसियनने मात्र हातांच्या कामावर भर दिला. पॉल नावाच्या एका साधूची हकीकत तो सांगतो. हा साधू बाजारापासून इतका दूर राहत असे, की त्याच्या हातच्या कामाला गिऱ्हाइक मिळणे शक्य नव्हते. तरी तो रोज नेमाने खजुरीच्या झावळ्यांचे काम करी आणि वर्षअखेरीस साठलेले सारे जाळून टाकी. काम कशासाठी, तर मन जागेवर राहावे यासाठी.

सॅम्युअल जॉन्सनने १७५९ मध्ये आपल्या कथेतला सर्वांत मोठा स्वप्नाळू माणूस वसवला तो याच इजिप्तमध्ये, कैरो शहरात. त्या वर्षीच्या जानेवारीत जॉन्सनची आई वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च आणि तिची लहानसहान देणी भागवण्यासाठी एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून त्याने 'रासेलस' लिहून काढले, असे बॉस्वेल सांगतो. मराठीत या पुस्तकाचे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते १८७३ च्या सुमारास पुरे केले. न्हाव्याच्या पाचव्या भावाची कथा ज्या अरबी गोष्टींत आहे त्यांचे मराठीकरणही कृष्णशास्त्र्यांनीच हाती घेतले होते. म्हणजे काचेची टोपली आणि कैरोचा ज्योतिर्विद ही दोन्ही मनोराज्ये मराठी वाचकाला एकाच घराण्याने दिली. पुढे 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनचे विस्तृत चरित्रही लिहिले.

'रासेलस'चा नायक हा अॅबिसिनियाचा राजपुत्र. सर्व सुखे पुरवलेल्या, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात तो बंदिस्त आहे. बाहेर पडण्याची इच्छा जागी होताच तो काय करतो? मनोराज्य. एक अनाथ मुलगी, तिचे धन लुबाडून पळणारा लबाड प्रियकर, आणि तिच्या रक्षणासाठी धावणारा आपण, असे चित्र तो इतके जिवंत रंगवतो की खरोखरच उठून धावू लागतो, आणि डोंगराचा पायथा आडवा येतो तेव्हाच थांबतो. पंचतंत्रातल्या लाथेचाच हा भाऊबंद. फक्त येथे पाय मारायला नव्हे, वाचवायला हलतो. अशा कल्पनांत त्याचे वीस महिने जातात. मग त्याला पश्चात्ताप होतो. आणि येथे जॉन्सनची विनोदबुद्धी इतकी सूक्ष्म होते, की घाईने वाचणाऱ्याला ती निसटून जाते. पोकळ संकल्पांत आता वेळ दवडायचा नाही, असा संकल्प करण्यात राजपुत्राचे आणखी चार महिने जातात. या चक्रातून तो बाहेर येतो कसा? एका दासीच्या हातून चिनी मातीचा पेला फुटतो. जे सांधता येत नाही त्याबद्दल हळहळून काय उपयोग, असे ती सहज म्हणते. ते ऐकून राजपुत्र उठतो आणि वाट शोधू लागतो.

भांडे येथेही फुटले आहे. पण सातूचा घट स्वप्न पाहणाऱ्याच्याच पायाने फुटला आणि त्याच्या हाती काही उरले नाही. हा पेला दुसऱ्याच्या हातून फुटला आणि त्याबरोबर दुसऱ्याचे एक वाक्य कानी आले. वीस महिन्यांच्या एकतंत्री राज्यात राजपुत्राला न सांगता आलेले हे पहिले वाक्य होते.

संकल्पात वेळ घालवण्याचा संकल्प ही इंग्रजीत विसंगती वाटते. आपल्या भाषेला ती आधीपासून ठाऊक आहे. 'संकल्प' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक निश्चय, दुसरा कल्पना. गीतेच्या सहाव्या अध्यायात कामना संकल्पातून जन्मतात असे म्हटले आहे, तेथे दुसरा अर्थ आहे. पूजेच्या आरंभी आपण संकल्प सोडतो, तेथे पहिला. एकच शब्द दोन्हींना पुरावा, यात आम्हांला भाषेचे शहाणपण दिसते. उद्या पहाटे उठून वाचणारा जो 'मी' आहे, तो सोमशर्म्याइतकाच अजून जन्माला यायचा आहे. त्याचे वेळापत्रक आखताना जे सुख मिळते ते मनोराज्याचेच सुख असते. नवी वही, रंगीत शाई, तासांचे चौकोन. आणि हे करून झाल्यावर काही तरी केल्यासारखे वाटून पुस्तक मिटणे. हा अनुभव आमच्या वाचकांना अपरिचित नसावा.

जॉन्सनला तो पुरता परिचित होता. त्याच्या मृत्यूनंतर १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रार्थना आणि चिंतने पाहिली म्हणजे मन हेलावते. १७५५ मध्ये इंग्रजी भाषेचा प्रचंड कोश पुरा करणारा हा माणूस वर्षानुवर्षे ईस्टरच्या सुमारास लवकर उठण्याचा संकल्प लिहून ठेवतो. १७६५ मध्ये तो आठ वाजता उठायचे ठरवतो आणि कबूल करतो की ही वेळ काही पहाटेची नव्हे, पण आपण अनेकदा दुपारी दोनपर्यंत अंथरुणात असतो. दहा वर्षांनी, १७७५ मध्ये, मोडलेल्या संकल्पांची लांबलचक रांग मागे दिसत असतानाही तो पुन्हा संकल्प करतो. कारण सुधारणा आवश्यक आहे आणि निराशा हा अपराध आहे, असे त्याला वाटते. या प्रामाणिकपणापुढे हसू मावळते. पण त्याच्या संकल्पांनी त्याला लवकर उठवले नाही हेही खरे. त्याने सांगितले होते, की ठरल्यापेक्षा दोन तास आधी आपल्याला अंथरुणातून बाहेर काढणारे पुस्तक एकच, बर्टनचा विषण्णतेवरचा ग्रंथ. जे नियमाने केले नाही ते गोडीने केले.

आता कैरोच्या ज्योतिर्विदाकडे वळू. चाळीस वर्षे एकट्याने आकाशाचा अभ्यास केलेला हा विद्वान, सज्जन, उदार माणूस. इम्लाक या मित्राला तो विश्वासाने सांगतो, की गेली पाच वर्षे पाऊस, वारा आणि ऋतू यांचे नियमन आपणच करत आहोत. हे ऐकून राजकन्येची सखी पेकुआ हसते; पण इम्लाक तिला हसू देत नाही. काटेकोरपणे पाहिले तर कोणतेच मन पूर्ण शाबूत नसते, असे तो म्हणतो. एकांतात बाहेरचे काही रमवायला नसले की माणूस स्वतःच्या विचारांत सुख शोधतो आणि आपण जे नाही ते आहोत असे कल्पितो. हळूहळू कल्पनेचे राज्य पक्के होते. मग एक विलक्षण प्रसंग घडतो. श्रोते एकेक करून कबुली देतात. पेकुआ म्हणते, मी मनात अॅबिसिनियाची राणी होत असे. राजकन्या नेकाया सांगते, मी मेंढपाळीण होत असे. त्यासाठी खेड्यातल्या मुलींसारखा पोशाखही करून ठेवला आहे. राजपुत्राची कबुली सर्वांत भयंकर. आदर्श राज्य कसे चालवावे याची चित्रे रंगवताना पिता आणि भाऊ यांच्या मृत्यूची कल्पना आपण किती सहज करून गेलो, हे आठवून तो दचकतो. घटावर बसलेली लाथ पुन्हा एकदा दिसली. पण या वेळी ती मारणाऱ्यानेच ओळखली, आणि ओळखली ती मोठ्याने बोलल्यामुळे.

ज्योतिर्विदाचा आजार बरा होतो तो याच वाटेने. पेकुआ त्याच्याकडे ज्योतिषाचे धडे घ्यायला जाऊ लागते, नेकाया तिच्यासोबत असते, गप्पा वाढतात. माणसांत असताना आपला भ्रम विरतो आणि एकटे पडताच परततो, हे त्याच्या ध्यानात येते. इम्लाक त्याला तर्काने हरवू पाहत नाही. शंका छळू लागली की कामाकडे नाही तर पेकुआकडे धाव घ्या, आणि मानवजातीच्या अफाट समूहात आपण एक कण आहोत हे स्मरणात असू द्या, एवढेच तो सांगतो. जॉन्सन स्वतः असेच वागत असे. मन बिथरल्यासारखे वाटले की तो अंकगणिताकडे वळे. एकदा मिसेस थ्रेल त्याच्या खोलीत गेल्या, तेव्हा इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जाची चांदी केली तर तिचा पट्टा पृथ्वीभोवती कितपत पुरेल याचा हिशेब तो करत बसला होता. झावळ्या जाळणाऱ्या पॉलची येथे आठवण होते.

विद्यारण्यांचा एकांत आणि जॉन्सनची संगत, यांत खरे कोणते? हा विरोध वरवरचा आहे असे म्हणून आम्ही तो मिटवणार नाही. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. विद्यारण्यांचा साधक ज्या परंपरेत उभा आहे तेथे गुरू आहे, त्याचा शब्द आहे, उच्चाराचा नेम आहे. तो एकांतात असला तरी सर्वस्वी एकटा नाही. कैरोचा विद्वान शहराच्या मधोमध राहूनही एकटा आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला शार्लट ब्राँटेच्या रूपाने जिवंत उदाहरण मिळाले. १८२६ मध्ये वडिलांनी आणलेल्या लाकडी सैनिकांपासून ब्राँटे भावंडांचा कल्पनाखेळ सुरू झाला आणि शार्लट व भाऊ ब्रॅनवेल यांनी पुढे अँग्रिया नावाचे राज्यच उभारले. १८३५ ते १८३८ या काळात ती यॉर्कशरमधल्या रो हेड येथील शाळेत शिक्षिका होती. तेथील तिच्या टिपणांत वर्गात बसलेली, डोळ्यांपुढे अँग्रिया पाहणारी आणि कुणी विद्यार्थिनी धडा घेऊन समोर आली की संतापाने कासावीस होणारी तरुणी दिसते. लक्ष नसलेल्या विद्यार्थ्याची चित्रे साहित्यात पुष्कळ आहेत. लक्ष नसलेल्या शिक्षकाचे इतके निर्भीड चित्र क्वचितच सापडते. १८३७ च्या मार्चमध्ये कवी सदे याने तिला पत्रातून बजावले, की अशा दिवास्वप्नांनी मन विकृत होण्याचा संभव आहे. त्याच पत्रात त्याने साहित्य हे स्त्रीचे कार्यक्षेत्र नव्हे असेही सांगितले. सल्ल्यातला खरा भाग आणि पूर्वग्रह असे एकमेकांत गुंतलेले असतात. सुमारे १८३९ मध्ये तिने अँग्रियाचा निरोप घेणारे एक छोटे टिपण लिहिले. तिथले चेहरे आपल्याला किती ओळखीचे आहेत आणि त्यांना सोडणे किती जड जाते हे त्यात आहे. त्यागाचा आव मात्र नाही. पुढच्या दशकात हॉवर्थच्या घरी तिघी बहिणी रात्री शिवणकाम बाजूला ठेवून खोलीत येरझारा घालत आपापल्या कथांवर बोलत, लिहिलेले एकमेकींना वाचून दाखवत, असे गॅस्केल बाईंनी चरित्रात नोंदवले आहे. १८४७ च्या 'जेन एअर'मागे या येरझारा आहेत. अँग्रियाही दोघांचे होते हे खरे. पण रो हेडच्या वर्गात ते एकटीचे झाले होते, आणि जाच झाला तो तेव्हा.

नुसते सांगून भागते असेही नाही. १८८० ते १८८२ या काळात ब्रॉयर या डॉक्टरांनी व्हिएन्नातल्या बर्था पापेनहाइम हिच्यावर उपचार केले. कंटाळवाण्या घरगुती आयुष्यात ती मनातल्या मनात जे नाट्यप्रयोग रचत असे त्यांना ती आपले खासगी नाटकगृह म्हणे. तिने त्या गोष्टी डॉक्टरांना सांगितल्या. पण ब्रॉयरच्या वृत्तांतावरून वाटते तशी ती लगेच बरी झाली नाही, तिला पुढेही रुग्णालयांत राहावे लागले. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या अनाथालयाची सूत्रे तिच्याकडे आली आणि १९०४ मध्ये तिने ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. तिच्या गोष्टींना श्रोता मिळाला, मग तिला काम मिळाले. दोन्हींची गरज होती. २००२ मध्ये इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी सहा रुग्णांच्या अभ्यासावरून माणसांची जागा घेणाऱ्या, नित्याचे जगणे अडवणाऱ्या दिवास्वप्नांना वेगळे नाव सुचवले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद झालेली नाही. तरी ज्याचे दिवसच्या दिवस असे जात असतील त्याने डॉक्टरांकडे जाण्यात संकोच मानू नये. इम्लाकने हसणाऱ्यांना का थांबवले ते आपण पाहिले आहे.

ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडून मनाच्या चंचलपणाची तक्रार मांडली आहे. असे मन स्थिर करणे म्हणजे माकडाला समाधीला बसवण्यासारखे. उत्तर देताना श्रीकृष्ण तक्रार नाकारत नाहीत. पण या मनात एक गोष्ट चांगली आहे, ते म्हणतात. जिथे गोडी लागली तिथे ते सोकावते, म्हणून त्याला चांगल्या सुखाची चटक लावावी. १२९० सालच्या या उत्तरात 'मनाला आवरा' हा उपदेश कमी आणि मनाच्या स्वभावाचा उपयोग अधिक आहे. अंथरुणातून बर्टनसाठी उठणाऱ्या जॉन्सनला ते पटले असते.

विष्णुशास्त्र्यांच्या चरित्राकडे शेवटी एकदा पाहावे. सरकारी नोकरीत असताना स्वतःची शाळा काढण्याचा विचार त्यांच्या मनात होता. तोवर ते मनोराज्यच होते. १८७९ च्या सप्टेंबरात टिळक आणि आगरकर त्यांना येऊन भेटले, दोन्हीकडचे विचार बोलले गेले, आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. एकाच्या मनातले राज्य तिघाचौघांच्या बोलण्यात आले तेव्हा त्याला जागा, दिवस आणि विद्यार्थी लाभले.

वर्गात "लक्ष कुठे आहे?" हा प्रश्न आम्ही धाक म्हणून विचारतो, आणि उत्तराची वाट पाहत नाही. तो खराखुरा प्रश्न म्हणून विचारावा, आणि विद्यार्थ्याने उत्तर दिले तर इम्लाकसारखे ऐकून घ्यावे, एवढे आपल्या हाती आहे. त्यानंतर हवे तर आपणही सांगावे, की मघाशी धडा शिकवताना आपण स्वतः कुठे गेलो होतो.